माझा कॅमेरा, तुझा फोटो

प्रिय धाकटे,

एकाच गावात राहून, दर आठवड्याला एकमेकींचं तोंड पाहून, ही बाई पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. म्हण. फोन केला तर तुझा आवाज ऐकून मी अर्ध्या वाटेतच विरघळते, आणि घरी येतेस तेव्हा आई आपल्या दोघींच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेली असते. शिवाय कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही. तर आधी अभिनंदन. गेल्या रविवारी फोटोंच्या बक्षीस समारंभात मी केलंच होतं, टाळ्याही सगळ्यांत जोरात माझ्याच होत्या, तू वळून बघितलंससुद्धा. पण ते हसू खरं नव्हतं गं. खोटे दात बनवण्यात माझं आयुष्य गेलंय, खोटं हसू लावायला मला कितीसा वेळ लागणार?

आता खरं सांगते. माझ्या पोटात दुखतंय. थोडंथोडकं नाही, चांगला मुरडा मारून दुखतंय. तुझ्या भावजींना तसं बोलून गेले, तर ते उठून गोळी शोधायला लागले. बावन्नाव्या वर्षी सख्ख्या बहिणीच्या बक्षिसावर जळणं हे दुखणं त्यांच्या औषधांच्या डब्यात बसत नाही.

गेल्या वर्षी माझा घोटा मोडला, तोही मेला डोंगरावर नाही. इतकी वर्षं कडेकपारी हिंडले, कुठे खरचटलंसुद्धा नाही, आणि दवाखान्याच्या मागच्या दोन पायऱ्यांवर, हातात कुणाची तरी तयार कवळी घेऊन धाडकन आपटले. कवळी वाचली. तू रुग्णालयात माझ्या उशाशी बसली होतीस तेव्हाच आईनं विषय काढला. कॅमेरा नुसता कपाटात पडून राहील, लेन्सला बुरशी लागते म्हणे, धाकटीला दे, तेवढाच वापरात राहील. आता बुरशी लागते हे आईला कुणी शिकवलं? मीच. दर रविवारी मी घरातून निघाले की आईची कटकट सुरू व्हायची, तेव्हा वापरला नाही तर खराब होतो असं सांगून मी सुटायचे. माझंच वाक्य माझ्या गळ्यात आलं. मी हो म्हटलं. पायात सळ्या असताना माणूस कशालाही हो म्हणतं. पण मी बरी होईपर्यंत, असंही म्हटलं होतं. तुला आठवतंय का ते? आईला आठवत नाही. समारंभाहून आल्यावर जेवायला बसलो, तेव्हा तिनं जाहीरच करून टाकलं की येत्या रविवारी तुझ्या वाढदिवसाला कॅमेरा तुला कायमचा देऊन टाकायचा, लेन्ससकट, पिशवीसकट. भावजींनी मान डोलावली. तू ताटात बघत राहिलीस, पण तुझे कान लाल झाले होते, आनंदानं. आणि मी? मी पुन्हा तेच हसू लावलं.

माझी खोली तू पाहिली आहेस. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागची, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. डोक्यावर ट्यूब, समोर प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले, बोटांना गुलाबी मेणाचा वास. दिवसभर मी पांढऱ्याच्या छटा बघत असते. हा दात जरा पिवळट, हा निळसर, हा वयाला शोभणारा, हा खोटा आहे हे लांबून कळेल इतका शुभ्र. सोमवार ते शनिवार माझ्या नाकापासून वीतभर अंतरापलीकडे जग नसतं. त्यामुळे रविवारी डोंगर चढून खिंडीत पोचलं की डोळ्यांना आधी कळतच नाही काय करावं. लांब बघायचं असतं हेच ते विसरलेले असतात. मग हळूहळू सुटतात, एका डोंगरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून त्याच्यामागच्या निळ्यावर, आणि तिथून पार जिथे डोंगर आहे की ढग हेही सांगता येत नाही तिथवर.

लोकांना वाटतं मी फोटोसाठी चढते. उलट आहे गं. कॅमेरा हा माझा थांबण्याचा परवाना आहे. बाई माणूस वाटेत नुसती उभी राहिली की लगेच सगळे विचारतात, दमलात का, पाणी देऊ का. गळ्यात कॅमेरा असला की कुणी विचारत नाही. ट्रायपॉड लावायचा, एखाद्या दगडावर बूड टेकायचं आणि ढगाची वाट बघायची. गार वाऱ्यानं बोटं आखडतात, नाक गळायला लागतं, आपल्या गिर्यारोहण मंडळाची माणसं पुढे निघून जातात. मग तो ढग येतो, त्याची सावली दरीवरून सरकत जाते, ती सरकली की पलीकडच्या उतारावरचं गवत एकदम पेटल्यासारखं होतं, आणि बरोब्बर तेव्हा बोट दाबायचं. बहुतेक वेळा चुकतं. धूसर येतं, वाकडं येतं, कोपऱ्यात टपालवाल्या काकांची टोपी येते. पण चुकलं तरी तो ढग माझा असतो, त्याच्यासाठी मी थांबलेली असते. घरी आल्यावर तेच फोटो मोठे करून, एकेक दगड ओळखीचा होईपर्यंत बघत बसायचं. भावजी म्हणतात सगळे सारखेच तर दिसतात. दिसू देत. दर वर्षी मंडळाच्या प्रदर्शनात माझा एक फोटो असायचा, जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी. लोक पाणी प्यायला वाकायचे तेव्हा बघायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरंच सांगते. हौशी माणसाला पिंपाशेजारची जागा पुष्कळ झाली असं मी मानत होते. तुझा फोटो दारासमोर लागेपर्यंत.

हे वर्ष मी कसं काढलंय तुला कल्पना नाही. दर रविवारी दुपारी मी पाय उशीवर ठेवून पडलेली असायचे आणि तुझे फोटो टपाटप फोनवर यायचे. ताई, बघ आज काय आभाळ होतं. ताई, तुझ्या खिंडीत आज धुकं होतं. माझ्या खिंडीत! मी तुला अंगठा पाठवायचे, कधी लाल बदाम, आणि फोन उशीखाली सारायचे. मग पुन्हा काढून, मोठा करून, कुठे काही चूक सापडते का ते शोधायचे. सापडली की उरलेला दिवस बरा जायचा. एकदा तुझं क्षितिज इतकं कललं होतं की मी मुद्दाम आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, किती छान, डोंगर घसरगुंडी खेळतोय. त्यानंतर मी आईला काही दाखवलं नाही.

आणि ते आपले टपालवाले काका! नोकरीतून निवृत्त झाले तरी चाल तीच, अजून दारोदार पत्रं टाकायची असल्यासारखी, कुणासाठी थांबणं माहीत नाही. इतकी वर्षं मी तो जडशीळ ट्रायपॉड खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे धापा टाकत गेले, एकदा तरी म्हणाले का, द्या इकडे? तुझ्यासाठी मात्र तोच ट्रायपॉड ते हौसेनं उचलतात. तूच सांगितलंस मला, काका किती गोड आहेत गं. गोड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तळपाय तर प्लास्टरमध्ये होता. तू साध्या कापडी बुटांत खिंड चढतेस हेही त्यांनीच मला भेटायला येऊन कौतुकानं ऐकवलं. लहानपणी तुझ्या पायांना आपण काटक्या म्हणायचो. त्या काटक्यांवर मी एक दिवस डोळा ठेवून बसेन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तर प्रदर्शन. मी काठी टेकत वाचनालयाच्या सभागृहात शिरले, आणि समोर तुझा फोटो, खांबाएवढा मोठा करून, वर खास दिवा लावलेला. परीक्षक म्हणून आलेल्या चित्रकलेच्या बाईंनी माईक हातात घेऊन काय सांगितलं ते तुला पाठ झालं असेल. मलाही झालंय. म्हणाल्या, नवशिक्या माणसाला सगळं उजळ हवं असतं, पण इथे सावलीला सावली राहू दिली आहे, आणि अंधार तसाच ठेवायला धाडस लागतं. सगळे माना वळवून तुझ्याकडे बघायला लागले. मी खुर्चीतून ताडकन उठणारच होते, काठी खाली पडली होती म्हणून वाचले. अगं, तो अंधार माझा आहे!

कॅमेऱ्याच्या डोक्यावर, उजव्या हाताला एक चकती आहे बघ, जिच्यावर चिकटपट्टी लावलेली आहे. ती चकती फिरवली की फोटो उजळ येतो किंवा गडद. कॅमेऱ्याला त्याच्या मनानं करू दिलं तर ढग पांढरेफटक येतात, स्वस्तातल्या कवळीसारखे, आत काही उरतच नाही. माझ्या डोळ्यांना ते सहन होत नाही. म्हणून मी ती चकती थोडी गडदकडे सरकवून, पिशवीत घासून हलू नये म्हणून वरून पट्टी मारून टाकली होती. समारंभानंतर चहाच्या वेळी मी तुला सहज म्हणून विचारलं, ती पट्टी काढलीस का गं कधी. तू केवढी घाबरलीस! म्हणालीस, नाही ताई, तिथे काहीतरी मोडलंय ना, म्हणून मी हातसुद्धा लावला नाही, वर्षभर जपून वापरलाय. मोडलंय! म्हणजे वर्षभर तू त्या कॅमेऱ्याला आजारी माणसासारखं हलक्या हातानं उचललंस, ठेवलंस, आणि माझी सवय त्याच्या डोक्यावर पट्टी बांधून बसलेली. मी ठसका लागल्याचं निमित्त करून बाहेर आले आणि भिंतीला टेकून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळं पाणी काही हसण्याचं नव्हतं. तर धाकटे, काही मोडलेलं नाही. बाईंनी ज्याला धाडस म्हटलं, ती माझी चिकटपट्टी आहे.

इथवर येऊन थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. अंधार ताईचा, बक्षीस धाकटीचं, बिचारी ताई. दुसऱ्या दिवशी मी त्याच तोऱ्यात माझे सगळे जुने फोटो उघडून बसले, तुझ्यासारखाच, किंबहुना तुझ्याहून चांगला एखादा काढून भावजींच्या नाकासमोर धरायला. तोच डोंगर, तीच चकती, तोच अंधार, किती रविवार. आई दोनदा चहाला हाक मारून गेली. तुझ्यासारखा एक नाही गं. एकसुद्धा नाही.

तुझ्या फोटोत ती दगडी भिंत आहे, उतारावरून वाकडीतिकडी वर गेलेली, आणि मावळतीच्या उन्हाची रेघ फक्त तिच्या माथ्यावर. बाकी सगळा उतार सावलीत आडवा पडलेला. ती भिंत मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. उतरताना तिथे वाट निसरडी आहे, म्हणून मी आधीच्या वळणावरच कॅमेरा पिशवीत घालते, चेन लावते, आणि दोन्ही हातांनी भिंत धरून, पायांकडे बघत उतरते. दर वेळी. माझा दिवस तिथे संपलेला असतो, डोक्यात घरची कामं सुरू झालेली असतात. तू तिथे थांबलीस आणि मागे वळून वर बघितलंस. बस, एवढंच केलंस तू. इतकी वर्षं ते ऊन माझ्या पाठीवर पडत होतं आणि मी पावलं सांभाळत घरी येत होते. याचा मला बक्षिसापेक्षा जास्त राग आला. चकतीवरून भांडता येतं. तू मागे वळून बघितलंस यावरून मी कुणाशी भांडू?

आई म्हणते, धाकटीला नजर आहे, थोरलीला नाद आहे. नाद काय, पाय अधू झाला की सुटतो, नजर मात्र वाया जाऊ नये. हे ती माझ्यासमोर म्हणते, भाजी निवडता निवडता. आणि मोठीनं द्यायचं असतं हा तिचा कायदा तर आपल्याला काही कळायच्या आधीपासूनचा. स्वेटर, कंपासपेटी, दप्तर, सायकल. सायकल आठवते? मला हात सोडून चालवता यायला लागली आणि त्याच आठवड्यात ती तुझी झाली, मी उंच झाले म्हणून. तुलाही त्याचं सुख नव्हतं, हे कळतं मला. तुझ्या वाट्याला कायम माझं उसवलेलं, माझ्या शाईचे डाग पडलेलं आलं, कोरं काही नाही. म्हणूनच त्या दिवशी तुझे कान लाल झाले तेव्हा मला तुझी दयाही आली, खोटं कशाला बोलू. पण माझ्या वाट्याला तरी काय आलं? कडक, बोचणारं, नवंकोरं. ते वापरून वापरून मऊ झालं, अंगाला बसायला लागलं, की ते तुझं. कॅमेरा ही पहिली वस्तू, जी मऊ झाल्यावरही माझ्याकडेच राहिली होती.

आता पायाचं. घरात सगळ्यांना वाटतंय अजून थोडा वेळ लागेल. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला एकटीला खोलीत बसवून सांगितलंय की खिंड विसरायची. सपाटीवर चाला, हलक्या चढावर काठी घेऊन चाला, पण तो उतार हा घोटा पुन्हा पेलणार नाही. मी बरं म्हटलं आणि रिक्षानं घरी आले. भावजींना अजून सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. काल संध्याकाळी त्यांना म्हटलं, गाडी काढा. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याची टाकी आहे ना, तिथपर्यंत रस्ता जातो. भावजी गाडीत रेडिओ ऐकत बसले, मी काठी टेकत टाकीच्या पलीकडे गेले. आणि बघते तर काय, डोंगर समोर! इतकी वर्षं मी त्याच्या अंगाखांद्यावर उभी राहून दुसऱ्याच डोंगरांचे फोटो काढत होते, त्याला स्वतःला कधी समोरून पाहिलंच नव्हतं. मग ऊन आलं, ढगाखालून, आडवं, एकेक घडी उलगडत. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. फोननं काढून बघितला, तर फोननं आपला शहाणपणा करून सगळं उजळून टाकलं, सावली औषधालाही ठेवली नाही. तो मी तिथल्या तिथे पुसला. मग नुसती उभी राहिले, तर भावजींनी लगेच खिडकीतून डोकं काढून विचारलं, दमलीस का, पाणी देऊ का. त्या घटकेला मला तुझा इतका हेवा वाटला, धाकटे, की तू समोर असतीस तर मी तुझ्या गळ्यातून तो ओढून घेतला असता. बक्षिसाचा हेवा नाही, काकांचा नाही, तुझ्या पायांचासुद्धा नाही. तुझ्या मानेवर रुळणाऱ्या त्या पट्ट्याचा.

म्हणून हे पत्र. कॅमेरा मी देणार नाही. मला तो परत हवा आहे. तुझे फोटो माझ्यापेक्षा चांगले येतात हे खरं, तुझे पाय धड आहेत हेही खरं, आणि शहाण्या मोठ्या बहिणीनं या दोन्हींचा विचार करून गप्प बसावं हेसुद्धा मला ठाऊक आहे. पण नाही बसणार. मी आपली खालूनच काढेन, एकाच डोंगराचे, सगळे सारखे दिसणारे. तुला आपण कोरा घेऊ, आधी कुणाचा हात न लागलेला; निवडायला मी येईन आणि दुकानात तुझ्याशी भांडेन. आईला काय सांगायचं ते मी सांगते, तिचा राग माझ्या वाट्याला असू दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस असं काही मी म्हणणार नाही. वाटू दे, मलाही वर्षभर वाटलंय. फक्त रविवारची वाट बघू नकोस. पत्र मिळेल त्याच दिवशी घेऊन ये, ऊन उतरायच्या आत. आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून आण, आल्या आल्या मला लागणार आहे.

तुझीच, जळकी तरी तुझीच,
ताई